पाखरांच्या बोलाचे पारखी : रेव्हरंड गिल्बर्ट व्हाइट

गेल्या हिवाळ्यांत एका शनिवारीं सकाळीं आम्ही आमच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन शाळेमागील टेकडीवर फिरावयास गेलों होतों. वाटेंत करवंदीच्या एका जाळींतून कोणा पक्ष्याचा बारीक व गोड आवाज येऊं लागला. सर्वजण थबकले. जाळीभोंवतीं दोन फेऱ्या झाल्या, वाकून पाहणें झालें. पण पक्षी कांहीं दृष्टीस पडेना. अखेरीस एका अधीर मुलानें जाळींत दगड भिरकावला. आवाज बंद झाला तो झालाच. पक्षी उडालेलाहि कोणास दिसला नाहीं. परत येतांना त्याच मुलानें आम्हांस विचारलें कीं, जो पक्षी डोळ्यांना दिसतच नाहीं, त्याचा शोध करावा तरी कसा? त्या वेळीं त्याचें समाधान होईल असें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. घरीं आल्यावर मात्र सुमारें अडीचशें वर्षांपूर्वींच्या एका इंग्रज पाळकांचें स्मरण झालें. ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या चरित्रांत आहे असें वाटल्यावरून तें आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजीं इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यांत सेल्बोर्न ह्या खेड्यांत झाला. त्यांचे आजोबा त्या गांवचे मुख्य पाळक होते, व नातवाचें नांवहि आजोबांचेंच ठेविलेलें होतें. वडील जॉन व्हाइट हे बॅरिस्टर होते. भावंडें पुष्कळ, व त्यांत गिल्बर्ट थोरले. आजोबा वारल्यानंतर कांहीं काळानें हें कुटुंब गांवांतल्या 'वेक्स' नांवाच्या घरांत राहूं लागलें. त्या घराशीं व्हाइट यांचा संबंध जडला तो मरणानेंच सुटला.

सेल्बोर्न लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारें पन्नास मैलांवर आहे. गांवाच्या पाठीशीं खडूच्या दगडाची एक टेकडी एकदम तीनशें फूट उंच चढते, आणि तिच्या उतारावर बीच वृक्षांचें दाट रान आहे. त्या रानास तेथील लोक 'हँगर' म्हणतात. बीचची साल गुळगुळीत व करडी असते, आणि वसंतांत त्याला कोंवळीं पोपटी पानें फुटलीं म्हणजे सारें रान आंतून उजळल्यासारखें दिसतें. गांवाकडे येणाऱ्या गाडीवाटा पावसाच्या पाण्यानें व चाकांच्या घर्षणानें शेतांच्या सपाटीखालीं सोळा-अठरा फूट खोल गेलेल्या होत्या. हिवाळ्यांत त्यांतून प्रवास करणें म्हणजे मोठें संकटच होतें. असें तें आडवळणाचें गांव! पण गिल्बर्ट यांची खरी पाठशाळा तीच. पुढें १७५३ सालीं त्यांनीं व त्यांचे भाऊ जॉन यांनीं हँगरवर चढण्यासाठीं नागमोडी पायवाट खोदविली. ती वाट अद्याप तेथें आहे.

बेसिंगस्टोक येथें थॉमस वॉर्टन ह्या विद्वान् पाळकांच्या हाताखालीं शिक्षण झाल्यावर व्हाइट ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजांत गेले. १७४३ सालीं ते पदवीधर झाले. त्या प्रसंगीं कवि अलेक्झांडर पोप यांच्या हस्तें त्यांस 'इलियड' महाकाव्याच्या पोपकृत भाषांतराची प्रत मिळाली. पुढच्याच वर्षीं ते कॉलेजचे फेलो झाले. १७४७ सालीं त्यांस धर्मसेवेची पहिली दीक्षा व १७४९ सालीं पूर्ण दीक्षा मिळाली. आतां पुढें मोठें पद, मोठें उत्पन्न व मोठें नांव, हीच वाट सर्वांस दिसत होती. १७५७ सालीं ओरिएल कॉलेजच्या प्रमुखपदासाठीं ते उभेहि राहिले. पण निवड दुसऱ्याची झाली.

त्यांची खरी इच्छा सेल्बोर्नचे मुख्य पाळक व्हावें ही होती. तींत एक विचित्र अडचण होती. सेल्बोर्नची जागा ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या देणगींतली, आणि व्हाइट पडले ओरिएलचे! त्यामुळें आजोबांची जागा नातवास कधींच मिळूं शकली नाहीं. इतर ठिकाणच्या पाळकपणाच्या जागा त्यांस देऊं केल्या गेल्या, त्यांतील कित्येक त्यांनीं नाकारल्या. आसपासच्या खेड्यांतून व स्वतःच्या गांवांत त्यांनीं मदतनीस पाळक म्हणून काम केलें. उपासना चालवावी, लग्नें लावावीं, मृतांस मूठमाती द्यावी, आणि उरलेला वेळ बागेंत व रानांत घालवावा, असा त्यांचा क्रम होता. त्यांनीं लग्न केलें नाहीं. जगाच्या दृष्टीनें हा मनुष्य मागें राहिला असेंच पुष्कळांस वाटलें असेल. पण ज्यास एके ठिकाणीं चाळीस वर्षें राहून पाहावयाचें होतें, त्यास हें मागें राहणेंच उपयोगीं पडलें.

१७५१ सालीं त्यांनीं बागेची रोजनिशी लिहिण्यास आरंभ केला. कोणत्या दिवशीं काकडी लावली, केव्हां धुकें पडलें, असल्या साध्या गोष्टी तींत असत. १७६८ पासून ते डेन्स बॅरिंग्टन ह्या न्यायशास्त्रज्ञ गृहस्थांनीं तयार केलेल्या छापील तक्त्यावर रोजची नोंद करूं लागले. तक्त्यांत उष्णमान, वायुभार, वारा, पाऊस, झाडास पालवी केव्हां फुटली, पहिलें फूल कधीं उमललें, कोणता पक्षी कोणत्या दिवशीं आला व गेला, असे निरनिराळे रकाने असत. ही नोंद त्यांनीं मृत्यूच्या महिन्यापर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षें, चालविली. आमच्या विद्यार्थ्यांस आठ दिवसांची रोजनिशी लिहितांना जो कंटाळा येतो तो ध्यानांत घेतां ही गोष्ट लहान वाटूं नये.

आतां ज्या पाठलागासाठीं हें चरित्र आम्हांस आठवलें त्याकडे वळूं. इंग्लंडमध्यें एप्रिलच्या मध्यास शेतांच्या कुंपणांतून एक चमत्कारिक आवाज ऐकूं येतो. नाकतोडा किंवा रातकिडा किरकिरावा तसा, एका सुरांत, न थांबतां तो चालतो. तेथील शेतकरी तो किड्याचाच समजत. तो पक्ष्याचा आहे असें व्हाइट यांनीं सांगितलें, तर लोक त्यांस हंसत. पुस्तकांतहि त्या पक्ष्याविषयीं गोंधळच होता. सतराव्या शतकांतील थोर निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे यांनीं तो स्वतः पाहिलेला नव्हता. दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनीं जें वर्णन दिलें, त्यांत दोन भिन्न पक्ष्यांची गल्लत झालेली होती. म्हणजे एका बाजूस हंसणारे शेतकरी, दुसऱ्या बाजूस चुकलेले ग्रंथ, आणि मध्यें कुंपणाशीं कान लावून उभे असलेले व्हाइट, अशी ती स्थिति होती.

१७६८ च्या एप्रिलमध्यें हा आवाज त्यांच्या शेतांत सुरू झाला. शोध करूं लागतांच त्यांच्या ध्यानीं आलें कीं, ह्या आवाजावरून अंतराचा अंदाज बांधतां येत नाहीं. पक्षी शंभर यार्डांवर असला तरी कानाशीं कुजबुजल्याचा भास होतो, आणि अगदीं कानाशीं आला तरी आवाज फारसा मोठा होत नाहीं. ह्याचें कारण आज आपणांस ठाऊक आहे. गातांना तो पक्षी आपली मान सावकाश इकडून तिकडे फिरवितो, म्हणून आवाज घडीत जवळ तर घडीत दूर सरकल्यासारखा वाटतो. शिवाय सबंध सूर बारीक व एकसारखा असल्यामुळें तो कोठून येतो हें कानास ठरवितां येत नाहीं.

पक्षीहि मोठा धूर्त. आपण पुरता झांकलेला आहों अशी खात्री असली तर एका यार्डाच्या अंतरावरूनहि तो गात राहतो. पण दिसेल अशा जागीं येत नाहीं. व्हाइट यांनीं एक युक्ति केली. एका माणसास कुंपणाच्या पलीकडच्या बाजूनें चालावयास सांगितलें व स्वतः अलीकडून चालले. दोन्हीं बाजूंनीं रस्ता अडल्यावर तरी पक्षी उडेल अशी कल्पना होती. तो उडाला नाहीं! उंदरासारखा सरपटत, कांट्यांच्या मुळांशीं दडत, तो त्यांच्या पुढें शंभर यार्ड पळत गेला आणि तरीहि त्यानें नीट दर्शन दिलें नाहीं. दोन माणसें एका मूठभर पांखराच्या मागें अशीं वांकून चाललेलीं पाहून वाटेनें जाणाऱ्यास कौतुक वाटलें असेल कीं हंसूं आलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

पाठलागानें जें साधलें नाहीं तें अखेर शांत राहिल्यानें साधलें. अगदीं पहाटे, कोणाची चाहूल नसतांना, तोच पक्षी काटकीच्या शेंड्यावर येऊन बसतो, चोंच वासून गातो, आणि गातांना त्याचे पंख थरथरतात, हें व्हाइट यांनीं पाहिलें व लिहून ठेविलें. ते त्यास 'ग्रासहॉपर लार्क' म्हणत. आज त्यास 'ग्रासहॉपर वॉर्ब्लर' म्हणतात. ह्याच जातीचे मध्य आशियाकडील पक्षी हिवाळ्यांत आपल्या देशांत येतात, व सह्याद्रीवरील उंच गवतांतहि राहतात. पण येथें ते बहुधा मुकेच असतात. गवत तुडवीत जाणाऱ्याच्या पायाशीं उडून ते क्षणांत पुन्हां दडतात. तेव्हां ज्याच्या मागें सेल्बोर्नचे पाळक धांवले, त्याचा एखादा भाऊबंद आपल्या डोंगरावर आपणांस चुकवून गेला असल्यास नवल नाहीं.

त्याच वर्षीं व्हाइट यांनीं दुसरें एक कोडें सोडविलें, आणि तें अधिक महत्त्वाचें होतें. इंग्लंडच्या झाडांतून हिरवट-पिंवळ्या रंगाचीं अतिशय लहान पांखरें उन्हाळ्यांत वावरतात. वजनानें तीं आपल्या चिमणीच्या निम्म्याहूनहि कमी. पानांत पानासारखीं मिसळतात व क्षणभर स्थिर बसत नाहींत. लोक त्या सर्वांस मिळून 'विलो रेन' म्हणत. व्हाइट यांच्या कानांस मात्र पटेना कीं एकच पक्षी तीन निराळ्या तऱ्हांनीं गात असेल. एकाची बोली दोनच शब्दांची, पुन्हां पुन्हां घोकल्यासारखी. दुसऱ्याचें गाणें वरून खालीं हळूहळू ओघळत येणारें, मंजुळ व किंचित् उदास. तिसरा केवळ उंच बीचच्या शेंड्यांवर राहणारा. त्याचा आवाज पितळी ताटलींत मोहरी ओतावी तसा सळसळता, व गातांना त्याचें अंगहि कांपे. एकाची बोली दुसरा कधीं बोलत नाहीं, हें त्यांनीं पुनःपुन्हां ऐकून पक्कें केलें. मग त्या काळच्या रीतीप्रमाणें तिन्ही प्रकारचे नमुने मिळवून तपासले. तेव्हां आकारांत व पिसांच्या कडांत फरक आढळला. १७६८ च्या ऑगस्टमध्यें त्यांनीं तिन्ही जाती निराळ्या असल्याचें निश्चयपूर्वक लिहून कळविलें. आज त्यांस चिफचाफ, विलो वॉर्ब्लर व वुड वॉर्ब्लर अशीं नांवें आहेत. ह्यांतील चिफचाफला शास्त्रीय नांव मिळावयास १८१७ साल उजाडलें. विद्वानांच्या डोळ्यांस जो भेद दिसला नव्हता, तो एका खेड्यांतील पाळकांच्या कानांस आधीं कळला, आणि डोळ्यांनीं मागाहून त्याची साक्ष दिली.

त्यांच्या कानांच्या ह्या जिज्ञासेच्या आणखीहि गोष्टी आहेत. त्यांचे एक संगीतप्रेमी स्नेही घुबडांचे घूत्कार कोणत्या सुरांत असतात हें सूर लावण्याच्या शिट्टीनें ताडून पाहत, व ती माहिती व्हाइट आपल्या टिपणांत उतरून घेत. मधमाशांस ऐकूं येतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांनीं स्वतः पोळ्याशेजारीं कर्णा लावून मोठ्यानें आरोळ्या दिल्या. माशांनीं तिकडे मुळींच लक्ष दिलें नाहीं. अशा माणसास ईश्वरानें जी कसोटी घातली ती मात्र कठोर होती. उतार वयाकडे झुकत असतां त्यांस बहिरेपणाचे झटके येऊं लागले. तो विकार चढला म्हणजे रानांतून मिळणाऱ्या बारीकसारीक खुणा त्यांस मिळत नाहींशा होत. पक्ष्यांच्या गाण्यानें भरलेला मे महिना त्यांस ऑगस्टसारखा मुका भासे. निसर्गशास्त्रज्ञ म्हणून आपण अर्धे निकामी झालों, असें त्यांनीं मित्रास खेदानें कळविलें. पण नोंदवही मिटली नाहीं. कान साथ देत नसले त्या दिवशीं त्यांनीं डोळ्यांकडून काम घेतलें. वारा, फुलें, कीटक व पाकोळ्या यांच्या टिपणांनीं पानें भरत राहिलीं.

हीं टिपणें जगापुढें आलीं तीं पत्रांच्या रूपानें. १७६७ पासून थॉमस पेनंट ह्या नामांकित प्राणिशास्त्रज्ञांशीं व १७६९ पासून पूर्वोक्त बॅरिंग्टन यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. घरांच्या वळचणींत मातीचीं घरटीं बांधणाऱ्या पाकोळ्यांवर व त्यांच्या इतर जातभाईंवर त्यांनीं लिहिलेले निबंध १७७४ व १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आले. कापणीच्या शेतांत कणसांवर घरटें करणाऱ्या चिमुकल्या उंदराची ओळख इंग्लंडला प्रथम त्यांनींच करून दिली. गांडुळें जमीन भुसभुशीत करून शेतकऱ्यावर केवढे उपकार करतात, हेंहि त्यांनीं १७७७ सालीं लिहिलें. त्या वेळीं गांडुळास कोणी विचारीत नसे. ह्या पत्रांचा ग्रंथ त्यांचे प्रकाशक बंधु बेंजामिन यांनीं छापला. त्यावर १७८९ हें साल आहे, व 'सेल्बोर्नचा निसर्गेतिहास व प्राचीन अवशेष' अशा अर्थाचें त्याचें नांव आहे. लेखकाचें वय तेव्हां अडुसष्ट वर्षांचें होतें. तेव्हांपासून त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत आल्या आहेत. चार्ल्स डार्विन यांनीं लहानपणीं हा ग्रंथ वाचून पक्ष्यांचें निरीक्षण व टिपण करण्यास आरंभ केला होता.

मात्र एका बाबतींत व्हाइट यांस यश आलें नाहीं, तें सांगितल्यावांचून हें चरित्र खरें होणार नाहीं. पाकोळ्या हिवाळ्यांत कोठें जातात, हा त्या काळचा मोठा वाद होता. त्या परदेशीं जातात असें कित्येक म्हणत; त्या चिखलांत किंवा बिळांत निजून राहतात असें दुसरे म्हणत. व्हाइट यांचे भाऊ जॉन जिब्राल्टर येथें पाळक होते, आणि समुद्रधुनी ओलांडणारे पक्ष्यांचे थवे त्यांनीं पाहिले होते. म्हणून पक्षी दूर देशीं जातात हें व्हाइट मान्य करीत. परंतु शरदाच्या अखेरीस सर्व पाकोळ्या निघून गेल्यावरहि एखाद्या उबदार दिवशीं चार-दोन दिसत, तेव्हां त्यांच्या मनांत शंका येई कीं कांहीं येथेंच दडून राहत असतील काय? त्यांनीं माणसें लावून झुडपें व पोकळ्या धुंडाळल्या. एकहि निजलेली पाकोळी सांपडली नाहीं. तरी त्यांची शंका अखेरपर्यंत गेली नाहीं. पाकोळ्या आफ्रिकेंत जातात हें आज सिद्ध आहे. म्हणजे व्हाइट यांची शंका चुकीची होती. पण न सांपडलेली पाकोळी सांपडली असें त्यांनीं कधीं लिहिलें नाहीं, आणि शंकेस सिद्धांताचा पोशाख चढविला नाहीं. आमच्या मतें तीन पक्षी ओळखण्याइतकाच हाहि त्यांचा मोठेपणा आहे.

१७८४ पासून ते सेल्बोर्नचे मदतनीस पाळक होते, व शेवटपर्यंत तें काम त्यांनीं केलें. २६ जून १७९३ रोजीं 'वेक्स' घरांत वयाच्या बहात्तराव्या वर्षीं ते वारले. सेल्बोर्नच्या चर्चच्या आवारांत त्यांची कबर आहे. तिच्यावरील लहानशा दगडावर त्यांच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें व मृत्यूची तारीख एवढेंच कोरलेलें आहे. पदवी नाहीं, प्रशंसा नाहीं. त्यांचें घर आतां संग्रहालय झालें आहे. हँगरचें रान उभें आहे, आणि चिफचाफ पक्षी दरवर्षीं वसंतांत तेथें आपले दोन शब्द घोकूं लागतो.

विद्यार्थिमित्रहो, मोठें होण्यासाठीं दूर गेलेंच पाहिजे, असें तुम्हांस पुष्कळजण सांगतील. जावें, अवश्य जावें. पण आपल्या घराभोंवतालचा एक मैल तरी आपण पाहिला आहे काय, हेंहि जाण्यापूर्वीं स्वतःस विचारावें. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलगा झाडाखालीं उगाच उभा आहे असें दिसल्यास त्यास लागलीच हांक मारूं नये. कदाचित् तो ऐकत असेल.

आरंभीं सांगितलेल्या मुलास आम्हीं ही हकीकत सांगितली. पुढच्या शनिवारीं आम्ही पुन्हां त्या जाळीपाशीं गेलों, पण ह्या वेळीं उजाडण्यापूर्वीं, आणि दगडाऐवजीं वही घेऊन. पाऊण तास सर्वजण निमूट बसलों. आवाज आला, दोनदां आला. पक्षी मात्र दिसला नाहीं. त्या मुलानें वहींत तारीख, वेळ व जागा लिहिली. आवाज ऐकला असें लिहिलें, आणि पुढच्या रकान्यांत पक्षी दिसला नाहीं असेंहि प्रामाणिकपणें लिहिलें. ती नोंद वाचून आम्हांस फार आनंद झाला. येत्या शनिवारीं आम्ही पुन्हां जाणार आहों.